‘फँड्री’चा दगड आणि रविवारचा खेळ

दलित जीवनावरील चित्रपटांविषयी आपल्या नियतकालिकांतून जे लिहिले गेले आहे, त्यातले बहुतेक लेखन चित्रणाविषयीचे आहे. अमुक चित्रपटात दलिताला लाचार दाखवले, तमुक चित्रपटात त्याला बोलते केले. इथे सहानुभूती सवर्णांची आहे, तिथे अनुभूती आपली आहे. हा हिशोब आवश्यक होता. ज्यांनी आमच्या वतीने वर्षानुवर्षे पडद्यावर अश्रू ढाळले, त्यांना त्या अश्रूंचा जाब विचारणे भागच होते. परंतु या हिशोबात एक खाते कोरे राहिले आहे. चित्रपट कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी थिएटरात, कुठल्यातरी वेळेला लागतो. त्याच्या तिकिटाला काही एक दर असतो. पुढे कोण बसले, मागे कोण बसले, कोण कुठे हसले, दिवे लागल्यावर कोण बोलले आणि कोण गुपचूप उठून गेले, या सगळ्यातून त्या चित्रपटाचा त्या गावापुरता अर्थ तयार होतो. आपल्याकडे याला साधा आणि जुना शब्द आहे : खेळ. आपण चित्रपटाची समीक्षा केली. खेळाची कुणी केली नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक एकपडदा थिएटर आहे. माझे वडील तिथे झाडू मारीत. बाराचा, तीनचा, सहाचा आणि नऊचा असे चार खेळ, आणि दोन खेळांच्या मध्ये वीस मिनिटे. तेवढ्यात शेंगांची टरफले, विड्यांची थोटके आणि पानाच्या पिचकाऱ्या काढून हॉल तयार ठेवावा लागे. खेळ सुटायच्या आधी वडील झाडू घेऊन बाजूच्या दारापाशी उभे राहत, आणि शाळा सुटली की मीही त्यांच्याजवळ जाऊन उभा राही. त्यामुळे १९९८-९९च्या सुमारास आमच्या गावी लागलेल्या बहुतेक हिंदी चित्रपटांचे शेवट मला तोंडपाठ होते. त्यांच्या सुरुवाती मी पुढे पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर पाहिल्या. घराण्यातला पहिला पदवीधर असणाऱ्या माणसाचे शिक्षणही असेच काहीसे होते. शेवट आधी कळतो, सुरुवात मागाहून. पण ते असो. सांगायचे एवढेच की चित्रपटाचा शेवट आणि त्यानंतर लागणारे दिवे, या दोन गोष्टींकडे माझे लक्ष जरा जास्त जाते, आणि पुढचे विवेचन त्याच खोडीतून आले आहे.

सिनेमाचे थिएटर ही आपल्या समाजजीवनातली मोठी विलक्षण जागा आहे. १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी आणि १९३०पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे प्रवेशासाठी आपल्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. त्याच काळात शहरांतून अशी एक इमारत उभी राहत होती की जिच्या खिडकीवर पैसे टाकले की आत जाता येत होते. तामिळ समीक्षक का. शिवतंबी यांनी १९८१ साली तामिळ चित्रपटावर जे लिहिले त्यात हाच मुद्दा आहे. सगळे तामिळ लोक पहिल्यांदा एका छपराखाली बसले ते सिनेमाच्या थिएटरात, आणि तिथली बसण्याची जागा सामाजिक उतरंडीवरून न ठरता खिशातल्या पैशावरून ठरली, असे त्यांचे प्रतिपादन होते. मला हे प्रतिपादन फार मोलाचे वाटते आणि तितकेच अपुरेही वाटते. खिशातला पैसा तरी कुठून येतो? आमच्या थिएटरात पुढची बाकडी, मधला स्टॉल आणि वरची बाल्कनी अशी वाटणी होती. कुणी जात विचारीत नव्हते, हे खरे. पण बाल्कनीतून उतरणारा जिना आणि बाकड्यांकडे जाणारे दार यांवरून गावातली निम्मी आळीवार यादी करता आली असती. मार्च २०२३मध्ये चेन्नईतल्या एका थिएटरात नरिकुरवर समाजाच्या कुटुंबाला हातात तिकिटे असताना दारावर अडवले. लोकांनी त्याचे चित्रीकरण करून ते सर्वत्र पसरवले, तेव्हा कुठे त्यांना आत बसता आले. म्हणजे शिवतंबींनी सांगितलेल्या त्या छपराखालीही दार राखणारा माणूस आहेच.

आता पडद्याकडे वळू. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. बाबासाहेबांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले तेही याच वर्षी. ‘अछूत कन्या’तली कस्तुरी रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी. शेवटी ती रेल्वेखाली मरते आणि मरून पूजनीय होते. १९५९च्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त मुलगी मरत नाही; तिचे रक्त तिला वाढवणाऱ्या उच्चवर्णीय आईच्या रक्ताशी जुळते आणि म्हणून तिचा स्वीकार होतो. एकीने जीव द्यायचा, दुसरीने रक्त द्यायचे. या दोन्ही शेवटांवर थिएटरातले दिवे लागले तेव्हा प्रेक्षक डोळे पुसत आणि स्वतःवर खूष होत घरी गेले असणार. त्यांना हलवण्याजोगे त्यात काही नव्हते.

१९७४ साली श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. त्याच्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावतो, खिडकीची काच फुटते आणि पडदा लाल होतो. त्या काळच्या सुशिक्षित प्रेक्षकाला हा शेवट भावला. स्वाभाविकच आहे. तो दगड गावातल्या जमीनदाराकडे जातो. बघणारा मुलाच्या मागे उभा असतो. शहरातला प्राध्यापक, बँकेतला अधिकारी, फिल्म सोसायटीचा सभासद या सगळ्यांना त्या दगडात सहभागी होता येते आणि कुणालाच तो लागत नाही. पुढे चाळीस वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. त्याच्याही शेवटी एक मुलगा दगड भिरकावतो. पण हा दगड कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. चाळीस वर्षांत दगडाची दिशा बदलली. दिग्दर्शक कुठल्या घरातून आला याचा आणि या दिशेचा संबंध आहे, असे म्हटले तर ते जातीयवादी विधान ठरू नये.

‘फँड्री’चे मर्म मात्र त्या एका दगडात नाही. दगडाच्या आधी जो डुक्कर धरण्याचा दीर्घ प्रसंग आहे, त्यात ते आहे. कचरू माने आपल्या कुटुंबाला घेऊन शाळेजवळ डुकरामागे धावतो आहे, आणि गाव ते बघायला जमले आहे. कुणी हसतो, कुणी शेरे मारतो, कुणी मोबाईलवर टिपून घेतो. ज्या शालूसाठी जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडला तीही त्या हसणाऱ्यांत आहे. म्हणजे चित्रपटाच्या पोटातच एक थिएटर आहे. त्याला प्रेक्षक आहेत, आणि त्यांच्यासाठी कैकाडी कुटुंबाचे राबणे हा एक खेळ आहे. ऐन धरण्याच्या क्षणी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटते. शेवटी ते डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि आपले इतर महापुरुष रंगवलेले दिसतात. जब्याचा दगड येतो तो या सगळ्या बघणाऱ्यांवर. आपण तिकीट काढून आत बसलो म्हणून आपल्याला त्यातून सुटका नाही.

आता खेळाकडे येतो. आमच्या गावी ‘फँड्री’ लागला तो फक्त बाराच्या खेळाला, आणि तोही एकच आठवडा. बाराचा खेळ म्हणजे कॉलेज चुकवणारी पोरे आणि बाजारहाटाला येऊन एसटीची वाट बघणारी माणसे. मी तेव्हा एम. ए. झालो होतो आणि नेट परीक्षेचा अभ्यास करीत होतो. पहिल्या दिवशी मी स्टॉलमध्ये बसलो. डुक्कर धरण्याचा प्रसंग सुरू झाला आणि थिएटर हसू लागले. पडद्यावर जिथे जिथे गाव हसत होते, तिथे तिथे थिएटर हसत होते. एकाच वेळी दोन्हीकडून हशा येत होता आणि मध्ये कचरूचे कुटुंब धावत होते. दगड आला तेव्हा बाकड्यांवरून दोन शिट्ट्या पडल्या. दिवे लागले. पोरे बाहेर पडली ती एकमेकांना “ए फँड्री” म्हणतच.

तो आठवडा संपला, चित्रपट गेला, पण शब्द गावात राहिला. कैकाडी भाषेत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. आमच्या गावात नदीकडेला कैकाड्यांची पंधरा-वीस घरे आहेत. तोवर गावाला त्यांच्या भाषेतला एकही शब्द ठाऊक नव्हता. चित्रपटाने एक शब्द दिला, आणि गावाने तो शिवी म्हणून वापरला. बसस्टँडवर, शाळेच्या मैदानात, पाण्याच्या नळावर त्या वस्तीतल्या पोरांना ही हाक पडू लागली. दिग्दर्शकाचा यात काही दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्याने आरसा धरला. आमच्या गावाने त्या आरशात बघून भांग पाडला, त्याला तो काय करणार? त्याच वर्षी २८ एप्रिलला अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून झाडाला टांगले गेले. नोव्हेंबर २०१७मध्ये, साक्षीदार उलटल्यानंतर, आरोपी निर्दोष सुटले. ‘फँड्री’ प्रदर्शित झाल्याला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांतून तेव्हा या चित्रपटाने समाजाला अंतर्मुख केल्याचे लिहून येत होते. कोणत्या समाजाला?

‘सैराट’चे वेगळे झाले. २९ एप्रिल २०१६ला तो लागला आणि आमच्या थिएटराने कित्येक वर्षांत प्रथमच हाऊसफुलचा फलक बाहेर काढला. गाण्यांना पोरे पडद्यापुढे नाचली. बाया ट्रॅक्टर भरून आल्या. शेवटचा तो निःशब्द प्रसंग, ते रडणारे मूल आणि त्याची रक्ताने उमटलेली पावले दिसली की सबंध थिएटर थिजून जाई. वडील म्हणत की इतक्या वर्षांत हॉल असा मुकाट्याने रिकामा होताना त्यांनी पाहिला नव्हता. परंतु तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी एक गोष्ट पाहिली. पुष्कळ पोरे मध्यंतरानंतर उठून जात. गाणी झाली, विहिरीतली उडी झाली, पुढचे ठाऊक आहे. ते कशाला बघायचे? ज्यांच्यासाठी तो शेवट होता त्यांनीच तो कापून टाकला. जुलैत कोपर्डीची अमानुष घटना घडली, ऑगस्टपासून लाखोंचे मोर्चे निघाले, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी पुढे आली, आणि त्या गदारोळात ‘सैराट’मुळे पोरी बिघडतात असेही ऐकू येऊ लागले. शेवट न बघता निघून गेलेल्यांचे हे मत होते, असे म्हणण्याचा मोह मला होतो.

मग आमच्यासारख्यांनी काय करायचे? यावर आपल्याकडे आधीपासून एक उत्तर आहे, ते फिल्म सोसायटीचे. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले. या चळवळीने चित्रपटाकडे गंभीरपणे पाहण्याची सवय लावली हे कुणी नाकारू नये. पण तिचे सभासदत्व, तिची इंग्रजी उपशीर्षके, तिची चर्चेची भाषा ही सगळी एका वर्गाच्या बैठकीत घडली. त्या बैठकीत आमचा प्रश्न ‘विषय’ म्हणून आला, माणूस म्हणून क्वचितच. दुसरे उत्तर आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ने दिले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा माणसे मारली आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला हा माहितीपट पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. तीन तासांहून मोठा असा हा चित्रपट वस्त्यावस्त्यांतून, उघड्यावर पडदा बांधून दाखवला गेला आणि लोक तो शेवटपर्यंत बसून बघत. खेळ कसा करावा याचे हे उदाहरण आपल्यापुढे होते. आपण त्याचे काय केले? जयंतीच्या मांडवात डीजे लावला.

करोनाच्या बंदीनंतर महाराष्ट्रातली थिएटरे २२ ऑक्टोबर २०२१पासून उघडायला परवानगी मिळाली. आमचे थिएटर त्यानंतरही कित्येक महिने बंदच होते. उघडले तेव्हा प्रेक्षक नव्हते. २०२१च्या नोव्हेंबरात ‘जय भीम’ हा तामिळ चित्रपट आला तो थेट मोबाईलवर. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिला, प्रत्येकाने एकेकट्याने, कानात बोंडे घालून. इरुळर आदिवासींवरचा पोलिसी अत्याचार बघून ती मुले रडली, स्टेटस ठेवले आणि झोपली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी विषय काढला तर कुणाला काही बोलता येईना, कारण रडताना शेजारी कुणी नव्हते. तेव्हा दोन प्राध्यापक, एक एसटी कंडक्टर आणि पाच-सहा विद्यार्थी अशा आम्ही थिएटरच्या मालकाला गाठले. महिन्यातून एका रविवारी सकाळी नऊ ते बारा हॉल द्या, भाडे देतो. जानेवारी २०२३पासून हे सुरू झाले. यातला तपशील सांगतो, कारण कुणाला करायचे असेल तर उपयोगी पडेल. आता रिळांचे डबे येत नाहीत. चित्रपटाची डिजिटल प्रत सॅटेलाइटवरून थिएटरच्या यंत्रात उतरते, आणि तिचे कुलूप उघडणारी ‘की’ तेवढ्या तारखेपुरती मिळते. ती वितरकाकडून घ्यावी लागते, खेळाचे भाडे आधी भरावे लागते, आणि एका खेळासाठी वितरक फोन उचलत नाही. सहा-सहा आठवडे आधी मागे लागावे लागते. आम्ही तिकीट चाळीस रुपये ठेवले, विद्यार्थ्यांना वीस. बाल्कनी बंद ठेवली. सगळे खाली, येईल तो बसेल त्या जागी. याचा आम्हाला फार अभिमान वाटला होता.

दुसऱ्याच महिन्यात ‘फँड्री’ लावायचे ठरले. आमच्या त्या पाच-सहा विद्यार्थ्यांत नदीकडेच्या वस्तीतला एक मुलगा होता, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. तिकिटे विकण्यात तो सगळ्यांत पुढे असे. तो म्हणाला, “सर, त्यो सिनेमा सोडून कुठलाबी लावा.” २०१४ साली तो दहा वर्षांचा होता. पुढचे त्याने सांगितले नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मी त्याचे ऐकले नाही. मी त्याला अर्धा तास समजावले की कलाकृतीकडे कसे बघावे, वेदना दडपू नये, ती मांडावी, तिच्यातूनच विद्रोह जन्म घेतो. वर्गात जे शिकवतो तेच. तो मान हलवत राहिला. खेळाच्या दिवशी तो आला नाही. त्याचे वडील आले, वस्तीतली सात-आठ माणसे घेऊन.

खेळ चांगला झाला. या वेळी कुणी हसले नाही. हॉलमध्ये बहुतेक विद्यार्थी, शिक्षक आणि चळवळीतले कार्यकर्ते होते, त्यांना कुठे हसू नये हे ठाऊक होते. दिवे लागल्यावर मी पडद्यापुढे उभा राहून ‘अंकुर’चा दगड आणि ‘फँड्री’चा दगड यांची तुलना केली, वर केली आहे तशीच. मग एक सहकारी राष्ट्रगीताच्या प्रतीकाविषयी बोलले. एका कार्यकर्त्याने भिंतीवरच्या महापुरुषांविषयी भाषण केले. माईक आमच्या आमच्यातच फिरत होता. पाऊण तासाने मागच्या रांगेतून त्या मुलाचे वडील उभे राहिले. त्यांनी माईक घेतला नाही.

“सर,” ते म्हणाले, “तुमी समदे दगडाचंच बोलायलाव. डुकराचं कुणीच बोलंना.”

मी विचारले, मामा, म्हणजे काय? तेव्हा ते जे बोलले त्याचा सारांश असा. डुक्कर धरायला किती माणसे लागतात, फास कुठल्या बाजूने टाकायचा, मादी असली तर काय होते, हे सिनेमातल्या माणसाला थोडेफार ठाऊक आहे. बाकी कुणाला ठाऊक नाही. राष्ट्रगीत झाले, डुक्कर पळाले. पळालेले डुक्कर पुन्हा धरायला अर्धा दिवस जातो, त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कुणी दिली? नगरपालिकेने आता गावातली डुकरे उचलायचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला दिला आहे. डुकरे आमची, उचलणार तो, आणि नोटीस आम्हाला. पोराला शिकवले, पण घरात पैसा येतो तो डुकराचाच. तुम्ही दगड मारा म्हणता. दगड मारल्यावर संध्याकाळी काय करायचे?

हॉलमध्ये कुणाला बोलता येईना. मग कुणीतरी घाईने आभार मानले.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. १९७३च्या पँथरच्या जाहीरनाम्यात ‘दलित’ शब्दाची व्याख्या व्यापक केली होती. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, जे जे शोषित ते सगळे. आम्ही ती व्याख्या परीक्षेत मुलांकडून लिहून घेतो. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० सालापासून आपल्या वाङ्मयात आहे; कैकाड्याचे जगणे आपल्याला नवे नाही. विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत आहेत आणि आमच्याकडे विमुक्त जातीत, ही सरकारी विसंगतीही आम्ही भाषणात सांगतो. परंतु माईक कुणाच्या हातात होता? नोकरी मिळालेल्या, घर बांधलेल्या, बौद्ध समाजातल्या आम्हा चार-पाच पदवीधरांच्या हातात. आम्ही बाल्कनी बंद केली आणि पडद्यापुढे नवी बाल्कनी बांधली. आमचे वाचन खोटे नव्हते. दगडाविषयी मी जे बोललो ते मला आजही बरोबर वाटते. पण ते ज्या माणसासमोर बोललो त्याचे त्या चित्रपटात काय होते, हे मी त्याला विचारलेच नव्हते. त्याने चित्रपटात श्रम पाहिले आणि त्या श्रमाचा दाम पाहिला. कचरू जावयाच्या हुंड्याच्या विवंचनेत आहे आणि म्हणून डुकरामागे धावतो, हे कथानकात स्वच्छ आहे. आमच्या चर्चेत हुंडा हा शब्दसुद्धा आला नाही. प्रतीक शोधणाऱ्याला पोट दिसत नाही, ही आपल्या मराठी समीक्षेची जुनी खोड आहे. ती आपण त्यांच्याकडून उचलली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा खेळ पुढे ऑगस्टमध्ये केला. २०१५च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट तेव्हा आमच्या गावी लागलाच नव्हता. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की त्याचे गाणे ऐकून एका गटार कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी केली; एप्रिल २०२१मध्ये करोनाने ते गेले. या चित्रपटातही एक थिएटर आहे. सरकारी वकील बाई आपल्या कुटुंबासह रविवारी मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीय जावयाला हाकलले जाते आणि सभागृह खळाळून हसते. ती बाई वाईट नाही. ती साधी, मध्यमवर्गीय, लोकलने प्रवास करणारी, घरी जाऊन स्वयंपाक करणारी आहे, आणि सोमवारी ती शाहिराला वीस वर्षे तुरुंगात टाकायला सांगेल. तिचे मन कुठे घडते तर त्या नाट्यगृहाच्या हशात. ‘कोर्ट’विषयी जे लिहिले गेले त्यात न्यायव्यवस्थेवर भर आहे. मला तो प्रेक्षकांविषयीचा चित्रपट वाटतो.

त्या खेळाला या वेळी मी आधी बोललो नाही आणि नंतरही बोललो नाही. पण दुसरीच गंमत झाली. चित्रपटाच्या शेवटाकडे न्यायालय सुटीसाठी बंद होते, माणसे जातात, दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. ऑपरेटरला वाटले, संपला. त्याने हॉलचे दिवे लावले, डोअरकीपरने दारे उघडली, निम्मे लोक उठले. नंतर सहलीला गेलेले न्यायाधीश पडद्यावर आले. बागेतल्या बाकावर त्यांची झोप, पोरांचे ओरडणे, त्यांनी एका पोराला मारलेली थप्पड आणि पुन्हा झोप. हा खरा शेवट, तो उभ्या उभ्या, चपला शोधत, दारातून येणाऱ्या उन्हात लोकांनी पाहिला. मी चिडलो होतो. वडील आता थकले आहेत, पण रविवारी येऊन दारापाशी बसतात. ते म्हणाले, “आमच्या वक्ताला रीळ बदलायचं तवाबी असाच अंधार व्हायचा. लोक शिट्ट्या मारायचे, पर उठत नव्हते.”

स्त्रियांविषयी थोडक्यात लिहितो, कारण आमचे काम त्यात थोडकेच आहे. पहिल्या वर्षात रविवारच्या खेळाला बाया दहा-बारांच्या वर कधी आल्या नाहीत. आम्ही त्याची कारणे सामाजिक पातळीवर शोधत होतो. एका विद्यार्थिनीने सांगितले की रविवारी सकाळी नऊ वाजता घरात धुणे, पाणी आणि मटण असते. तीनचा खेळ ठेवा. तीनचा खेळ मालकाच्या धंद्याचा, त्याचे भाडे दुप्पट. आम्ही वर्षभर घासाघीस केली आणि मग एकदा पदरचे घालून ठेवला. त्या दिवशी पन्नासच्या वर बाया होत्या. चर्चेला एकही थांबली नाही, कारण सहा वाजले होते.

मारी सेल्वराज यांचा २०१८चा ‘परियेरुम पेरुमाळ’ आम्ही कॉलेजच्या सभागृहात दाखवला, तेव्हा इंग्रजी उपशीर्षके कुणाला वाचता येईनात. एका मुलीने पडद्याशेजारी उभे राहून अडीच तास मराठीत सांगत चित्रपट नेला. तिने त्यात आपल्या पदरचेही बरेच घातले, हे मला मागाहून कळले. कुणाची तक्रार नव्हती.

आता थिएटरचा मालक म्हणतो की त्याला हे परवडत नाही. मार्चनंतर तिथे मंगल कार्यालय होणार. तोवर आमच्याकडे चार रविवार आहेत. यादी अजून पक्की नाही. नदीकडेच्या वस्तीने ‘फँड्री’ पुन्हा मागितला आहे. त्यांची अट अशी की खेळ तीनचा पाहिजे, बाया येणार आहेत, आणि आधी आम्ही बोलू, मग तुम्ही. वितरकाला फोन चालू आहेत. त्या मुलाला मी तिकिटांचे पुस्तक देऊन पाहिले. आता तो एम. ए.ला आहे. त्याने पुस्तक ठेवून घेतले आहे, पण खेळाला येईन असे अजून म्हटलेले नाही.